लादीच्या पोटातलं पाणी

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडे झोप विसरायची. मी रत्नागिरीत बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसर चालवतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तोवर आम्ही मेंटेनन्स उरकून घेतो, आणि मग पाऊस जरा उघडला की सगळ्या बोटींना एकाच दिवशी बर्फ हवा असतो. त्या दिवशी तसंच झालं होतं, गेटपासून पार रस्त्यापर्यंत टेम्पो लागलेले, आणि दुपारी वारापाऊस सुटून लाईट गेली. लाईनवर झाड पडलंय, रात्र होईल असा निरोप आला. जनरेटर आहे आमच्याकडे, पण तो क्रेन, ब्राईनचा पंखा आणि दिवे एवढंच ओढतो, अमोनियाचा कॉम्प्रेसर त्याला झेपत नाही.

ज्यांनी बर्फ कारखाना आतून बघितला नाही त्यांना सांगतो. एक मोठी टाकी असते, तिच्यात मिठाचं पाणी म्हणजे ब्राईन, आणि मिठामुळे ते उणे 9 ला सुद्धा पातळच राहतं. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे बुडवलेले असतात, वरून लाकडी झाकणं. टाकीतच अमोनियाची कॉइल फिरवलेली असते, अमोनिया तिच्यात उणे 15 च्या आसपास उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता ब्राईनमधून खेचून घेतो, मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून कंडेन्सरला पाठवतो, तिथे 12-13 किलो प्रेशरला तिचं परत पाणी होतं (आम्ही पाणीच म्हणतो, असतो तो पातळ अमोनिया). म्हणजे एका बाजूला उकळणं, दुसऱ्या बाजूला गोठणं, आणि मधे बिचारं ब्राईन नुसती ने-आण करतं. 50 किलोची लादी, म्हणजे डब्याच्या आकाराचा बर्फाचा ठोकळा, धरायला साधारण एक दिवस जातो.

लाईट गेल्या गेल्या नवीन हेल्पर पोरगा झाकणं उघडून बघायला धावला, त्याला वाटलं आता सगळं वितळणार. त्याला म्हटलं झाकणाला हात लावायचा नाही, पंखा चालू ठेव. कारण कॉम्प्रेसर बंद झाला तरी ब्राईन उणे 9 लाच आहे आणि डब्यातलं पाणी शून्याला, त्यामुळे उष्णता डब्यातून ब्राईनकडे जातच राहते आणि लादी धरतच राहते, हळू का होईना. रात्रीपर्यंत ब्राईन उणे 3 वर आलं होतं आणि तेवढ्यात डब्यांतला बर्फ थोडा वाढलाच होता, कमी नव्हता झाला. हे त्या पोराने सळई घालून स्वतः बघितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता!

खरी अडचण संध्याकाळी आली. तयार लाद्यांच्या रांगा संपल्या. उरलेल्या डब्यांत कडेने चांगला जाड बर्फ होता, वर पापुद्रा धरलेला, पण सळई टोचली की मधे खळकन पाणी. लादी बाहेरून आत धरत जाते आणि आतली उष्णता आधी झालेल्या बर्फातूनच बाहेर पडायची असते, म्हणून थर दुप्पट व्हायचा तर वेळ चौपट लागतो. सुरुवातीला भराभर धरतं आणि शेवटचं पोट भरता भरत नाही.

एक तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो, ते म्हणाले, "वजन तेवढाच हाय ना? मग दे की काढून." शेठनी पण माझ्याकडे बघितलं, त्यांच्यावर प्रेशर होतंच, पन्नास माणसं गेटवर. मी म्हटलं चाचा, एक लादी काढतो, तुम्ही बघा आणि मग सांगा. क्रेनने डबा उचलला, साध्या पाण्यात बुडवून लादी सुटी केली, प्लॅटफॉर्मवर पाडली आणि आकड्याने मधोमध फोडली. अर्धी बादली पाणी बाहेर आलं. धरा 10 लिटर.

मग त्यांना हिशोब सांगितला, तोच इथे लिहितो कारण बर्फ घेणाऱ्या कितीतरी लोकांना तो माहीतच नाही. एक किलो पाणी एक डिग्रीने तापायला एक किलोकॅलरी लागते. एक किलो बर्फ उणे 8 पासून शून्यापर्यंत यायला फक्त 4. पण शून्याचाच बर्फ शून्याचंच पाणी व्हायला 80 लागतात, आणि तेवढा वेळ थर्मामीटर जागचा हलत नाही. मासळी टिकते ती या 80 वर. बर्फ वितळताना खणातली (बोटीत मासळी ठेवतात ती जागा), मासळीतली उष्णता ओढतो आणि ते गार पाणी मासळीवरून झिरपत खाली जातं. त्या पोटातल्या 10 लिटरमधले हे 80 तर आमच्या टाकीतच निघाले नाहीत अजून, म्हणजे 50 किलोच्या लादीतले 4000 पैकी 800 गेले, पाचवा हिस्सा. तुम्ही पैसे पूर्ण लादीचे देणार आणि आठवडाभर बाहेर राहणार, शेवटच्या दोन दिवसांत काय करणार?

चाचा काही बोलले नाहीत, फुटलेल्या लादीत हात घालून बघितला आणि टेम्पोवाल्याला म्हणाले गाडी बाजूला लाव, आपण थांबतो. शेठनी मग असं ठरवलं की त्याच दिवशी परत येणाऱ्या छोट्या होड्यांना हव्या तर अर्धवट लाद्या अर्ध्या किमतीत द्यायच्या, सांगून, आणि लांब जाणाऱ्यांनी थांबायचं. दोघा-तिघांनी शिव्या घातल्या आणि दुसरीकडे गेले. मला त्यांचा राग नाही, डिझेल भरून बसलेल्या माणसाला एक दिवस म्हणजे काय ते मला कळतं.

लाईट आली मध्यरात्रीनंतर. इथे घाई केली की कॉम्प्रेसर जातो. इतक्या वेळात कॉइलमध्ये पातळ अमोनिया साठून बसलेला असतो, सक्शन व्हॉल्व्ह, म्हणजे कॉइलमधली वाफ कॉम्प्रेसरकडे सोडणारा, एकदम उघडला तर प्रेशर धपकन पडतं, अमोनिया फसफसून उकळतो आणि वाफेबरोबर पातळ पण ओढला जातो. वाफ दाबली जाते, पातळ दाबलं जात नाही, मग व्हॉल्व्ह प्लेट नाहीतर हेडच फुटतं. मी व्हॉल्व्ह अगदी पाव-पाव आट्याने उघडत होतो, एक हात सक्शन पाईपवर. पाईपवर पांढरं दव गोठत गोठत मशीनकडे सरकतं, ते हेडच्या जवळ यायला लागलं आणि आवाज जड झाला की परत थोडा आवळायचा. शेठ मागे उभे राहून "झालं का, झालं का" करत होते, मी मान पण वळवली नाही. अर्ध्या-पाऊण तासाने पूर्ण उघडला.

चाचांच्या लाद्या दुसऱ्या दिवशी दुपारी निघाल्या. भरताना त्यांनी खलाशाला एक लांब सळई दिली होती आणि तो प्रत्येक लादी मधोमध टोचून बघत होता. आमच्या पोरांना ते लागलं, विश्वास नाही का म्हणून. मी त्यांना सांगितलं टोचू दे, सगळ्यांनीच टोचून घ्यावं.