चौथ्या सीटवरची कोंबडी

भांडुपच्या टेकडीवर आमची बैठी चाळ. दरड पडू नये म्हणून बांधलेली भिंत आणि आमची मोरी यांच्यामध्ये जी सहा-सात फुटांची पट्टी उरते, तिला आई थाटात ‘मागीलदार’ म्हणते. तिथे आमच्या पाच गावठी कोंबड्या. कोंबडा नाही. तो ठेवला असता तर सगळी चाळ पहाटे चारला उठली असती आणि सव्वाचारला आमच्या दारात आली असती. कोंबड्यांची नावं मी ठेवली. आईचा विरोध होता. “नाव ठेवलंस की सुरी चालत नाही,” म्हणाली. खरंच चालली नाही.

एका रविवारी कणी टाकली तशा चौघी धावल्या. चिमी मागाहून आली, उजवा पाय टेकून न टेकल्यासारखा करत. ताटलीशी पोचते न पोचते तोच मुकादमिणीनं तिच्या मानेवर चोच हाणली. चिमी भिंतीला लागून उभी राहिली. जवळ जाऊन बघते तर डोक्यामागची पिसं गेलेली, खाली गुलाबी कातडी. कोंबडी दुखणं अंगावर काढते. माणसाला ती लंगडताना दिसते तोवर दुखणं जुनं झालेलं असतं. मला ते त्या दिवशी कळलं. उरलेल्या चौघींना बरंच आधी कळलं असणार.

पहिली भीती मरेकची. त्या विषाणूच्या रोगात कोंबडीचे पाय लुळे पडतात, एक पुढे आणि एक मागे टाकून ती बसून राहते. त्यावर औषध नाही. लस असते, पण ती पिल्लू अंड्यातून बाहेर आल्या आल्या द्यायची. चिमी बसत नव्हती, एवढाच दिलासा. दुसरा संशय मांजाचा. पायाला दोरा गुंतून बोटं झडलेली कबुतरं स्टेशनवर रोज दिसतात. मी तिला कुशीत उलटी धरली, पंजा ओल्या फडक्यानं पुसला, तर तळव्याच्या मधोमध मसुराएवढी काळी खपली. भोवती सूज, हाताला गरम.

ओळखीच्या पशुवैद्यांना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, “रात्री बसते कुठे? उतरते कशावर?” आणि मी गप्प झाले. गेल्या पावसाळ्यात मुंगूस दिसलं म्हणून खुराड्यातला बसायचा पाइप मीच चार फुटांवर चढवला होता. खाली सिमेंटचा कोबा. रोज पहाटे त्यावर उडी, मग तळव्याला बारीकशी जखम, मग त्यात स्टॅफिलोकॉकस जिवाणू. म्हणजे मुकादमिणीला शिव्या देण्याआधी स्वतःकडे बघायला हवं होतं.

खपली घरी कापायची नाही, सूज वर चढली तर थेट घेऊन या, असं त्यांनी बजावलं. शेजारच्या काकींनी तर आधीच निकाल दिला होता, “परळला बैलघोड्यात ने,” म्हणजे तिथल्या जनावरांच्या इस्पितळात. ती वेळ आली नाही. घमेल्यात कोमट मिठाचं पाणी घेऊन हातमोजे घालून मी तिला रोज पंधरा मिनिटं त्यात उभी करायचे. पहिल्या दिवशी तिनं मला न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी पाणी पोटाला लागताच तिचे डोळे खालून वर मिटू लागले आणि मान माझ्या मनगटावर टेकली. त्या मानेचं वजन किती असेल? पण हात हलवायची माझी हिंमत होईना. मग आयोडीनचं औषध, गॉज, चिकटपट्टी. उघड्या मानेला आईनं हळद लावली. लाल दिसलं की कोंबड्या तिथेच टोचत सुटतात, हळदीनं ते झाकलं तरी जातं.

चूक केली ती पुढे. दया येऊन तिला तीन दिवस घरात मोरीशी ठेवलं. चौथ्या दिवशी बाहेर सोडली तर चौघी तिच्यावर तुटून पडल्या. तीन दिवस नजरेआड म्हणजे त्यांच्या लेखी नवीच कुणीतरी घुसली होती.

कोंबड्यांच्या टोचण्यालाही उतरंड असते, हे थोरलिफ श्येल्डेरप-एबे नावाच्या नॉर्वेजियन माणसानं 1922 साली मांडलं. लहानपणापासून तो कोंबड्या बघत बसायचा. कोण कुणाला टोचतं, कोण निमूट सहन करतं, सगळं टिपून ठेवायचा. त्याच्यासारखी मीही ओट्यावर बसले आणि चकितच झाले. आमच्यात सगळ्यात वरची तांबडी. ती कुणाला फारसं टोचतच नाही, नुसती मान वर करते. मुकादमीण, जिला मी थोरली गुंड समजत होते, ती चौथी! तिच्या खाली एकटी चिमी.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. ठाण्याहून भरून येणाऱ्या स्लो लोकलच्या लेडीज डब्यात वीस वर्षं चढतेय. खिडकीवाली झोपलेली असते. भांडते ती चौथ्या सीटवरची, तिघींच्या बाकावर कडेला अर्धी हवेत बसलेली. कुणाची पर्स खांद्याला लागली की पहिली तीच वस्सकन अंगावर येते. मीही आलेय, खोटं कशाला बोलू.

मग पंक्ती बदलल्या. चार दिवस डालग्याखाली मुकादमीण. चिमी खिडकीच्या जुन्या ग्रीलमागे, सगळ्यांना दिसेल पण चोच पोचणार नाही अशी. दाण्याच्या दोन ताटल्या, पाण्याची दोन भांडी, एकमेकींपासून लांब. पाइप फूटभर उंचीवर आणला, खाली तूस पसरला, दाराला मुंगसासाठी दुहेरी जाळी. खपली सुकून पडल्यावर एका रात्री, सगळ्या पेंगत असताना, चिमीला उचलून पाइपच्या टोकाला ठेवली. सकाळी कुरकूर झाली, एकदोन टोचेही बसले, रक्त नाही.

पाय अजून किंचित ओढते. जेवायला शेवटीच येते, पण दुसऱ्या ताटलीवर. पहिल्या रात्री तिच्यात आणि मुकादमिणीत हातभर जागा होती. काल झोपण्याआधी टॉर्च मारून बघितलं, चार बोटं असेल.