ठाणं आलं का?

सीएसएमटीला कल्याण फास्टमध्ये बसले होते. खिडकी मिळाली होती, तीही हवेची, त्यामुळे दिवसाचं सार्थक झाल्यासारखं वाटत होतं. शेजारच्या रुळावर एक स्लो लोकल उभी. तिच्या खिडकीत एक बाई मांडीवर मेथी घेऊन निवडत बसलेली. मी तिच्याकडे बघत असतानाच आमची गाडी हलली आणि चक्क मागे जायला लागली. मागे म्हणजे कुठे? मागे बफर, बफरच्या मागे माणसांची गर्दी, गर्दीच्या मागे ती दगडी इमारत. पोटात गोळाच आला. झटकन दुसऱ्या बाजूला पाहिलं, तर प्लॅटफॉर्मवरचा चहाचा स्टॉल गिऱ्हाइकांसकट जागच्या जागी. निघाली होती ती मेथीवाली. आम्ही होतो तिथेच होतो, आणि इंडिकेटर अजून चार मिनिटं म्हणत होता.

इतकी वर्षं प्रवास करूनही मी या प्रकाराला दर महिन्या-पंधरवड्याला फसते. कानाच्या आत आपला तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे तिला वेग कळतच नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. उभी गाडी आणि एकसारख्या वेगाने जाणारी गाडी तिला सारखीच. त्यामुळे डोळ्यांसमोरचं अख्खं चित्र सरकलं की मेंदू डोळ्यांचं ऐकून मोकळा होतो. कान गप्प असतो, आणि जो गप्प बसतो त्याला घरात तरी कोण विचारतं?

हवेच्या खिडकीचंही तसंच. मे महिन्याच्या दुपारी बाहेर झाडाचं पान हलत नसतं. तोंडावर येतो तो वारा नव्हेच; हवा आपली उभी आहे, आपणच तिच्यात घुसतोय. सिग्नलला गाडी थांबली की वारा पडतो आणि डब्यातल्या सगळ्याजणी एकदम पंख्याकडे बघतात.

पण मला खरी गंमत वाटते ती डब्यातल्या बोलण्याची. ‘ठाणं आलं का?’ ‘नाही हो, आत्ता कुठे घाटकोपर गेलं.’ ‘डोंबिवली कुठल्या बाजूला येतं?’ आपण ठाण्याला पोचलो का, असं कोणी विचारत नाही. आम्ही चौथ्या सीटवर अर्ध्या टेकलेल्या का असेना, बसलेल्या असतो. येणं-जाणं गावांनी करायचं. एसटीने कोकणात निघालं की वाटेत नदी लागते, कशेडीचा घाट लागतो, पोलादपूर मागे पडतं, जणू आमच्याशी शर्यत लावून हरलं. आणि काहींना तर गाडीच लागते. तिथे मात्र कान गप्प बसत नाही. वळणावळणाला तो ओरडून सांगत असतो की आपण फिरतोय, आणि समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे म्हणतात, छे, सगळं स्थिर आहे. या भांडणात पोटाचा बळी जातो. खिडकीबाहेर लांब बघ, असं मोठी माणसं सांगतात ते डोळ्यांना कानाच्या बाजूने साक्ष द्यायला लावण्यासाठी. माझ्या आत्याचा उपाय सोपा होता. ती महाडलाच डोळे मिटायची आणि बजावायची, ‘चिपळूण आलं की उठव.’ ती झोपलेली, आणि चिपळूण आपलं चालत यायचं.

आत्याच्या बाजूने एक मोठं नाव मला नंतर सापडलं. तेवीस वर्षांच्या आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलंय की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू जशा मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी. हे पुढच्यांच्या पचनी पडलं नाही. वराहमिहिराने शंका काढली, असं असेल तर आकाशात गेलेली घार आपल्या घरट्यात परत कशी येते? शंका अगदी रास्त आहे. खालची जमीन निघून गेली तर घारीने घरटं शोधायचं कुठे?

उत्तर आमच्या डब्यात रोज उडतं. कोणाच्या तरी पेरूच्या फोडीवरून माशी उठते, हँडलपर्यंत एक चक्कर मारते आणि परत त्याच फोडीवर येऊन बसते. तेवढ्या वेळात फोड शे-दोनशे मीटर पुढे गेलेली असते, पण डबा, त्यातली हवा, पेरू आणि माशी सगळं एकाच वेगाने निघालंय. (उघड्या खिडक्यांमुळे तिची तारांबळ होते, हे मान्य.) गॅलिलिओने १६३२ मध्ये हेच सांगताना जहाजाच्या बंद खोलीत फुलपाखरं सोडली. मला पेरूवरची माशी जास्त पटते.

ज्या चहाच्या स्टॉलकडे बघून माझा जीव भांड्यात पडला, तो तरी कुठे उभा होता म्हणा. मुंबईच्या अक्षांशावर तो ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने पूर्वेकडे चालला होता, आणि सूर्याभोवती सेकंदाला तीसेक किलोमीटरने, ते वेगळंच. गिऱ्हाइकांच्या हातातला चहा मात्र हिंदकळत नव्हता.

विद्याविहारच्या आसपास आमच्या फास्टने एका स्लोला गाठलं. पाहते तर खिडकीत तीच बाई! मेथी संपली होती, आता लसूण चालला होता. थोडा वेळ दोन्ही गाड्यांचा वेग असा जुळला की आम्ही दोघी समोरासमोरच्या गॅलऱ्यांत बसल्यासारख्या, आणि तिच्या पलीकडे इमारती धावतायत. तिनेही वर पाहिलं, ओळख असल्यासारखं हसली. मग लसणासकट हळूहळू मागे जायला लागली. तिच्याकडून बघितलं तर मीच निघाले होते.

तेवढ्यात आईचा फोन. ‘कुठवर आलीस गं?’

‘मी कुठे येतेय आई, मी बसलेलीच आहे. घाटकोपर येतंय.’

‘शहाणपणा पुरे. ठाणं गेलं की सांग, कुकर लावते.’