पावसाची वही, वर्ष तिसरं: कोरा रकाना आणि शून्य

या वेळी नवे आकडे कमी, जुन्यांची दुरुस्ती जास्त. गावात वणव्याची चर्चा निघाली की हीच वही पुढे करायची, म्हणून आधी ती खरी हवी.

मोठी चूक सापडली ती कोऱ्या रकान्यांत. बाहेरगावी होतो ते दिवस वहीत मोकळे होते. संगणकावर चढवताना तिथे शून्य पडलं. परत आल्यावर मोजलेला तीन दिवसांचा पाऊस मात्र एकाच तारखेवर. म्हणजे आधी न पडलेली उघडीप, मग न झालेली अतिवृष्टी! आता न मोजलेल्या दिवसाला आडवी रेघ, साठलेल्या पावसाला कंस. मोजपात्र स्वतः कोरडं पाहिलं तरच शून्य. तुमच्याही वह्या एकदा तपासाच. तारखाही जुळवल्या: हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठची, त्यामुळे काल संध्याकाळची सर आजच्या तारखेला जाते.

आता मूळ मुद्दा. ‘यंदा पाऊस चांगला झाला, वणव्याची चिंता नाही’ हे मला पटत नाही. चांगल्या पावसात डोंगरावर गवत कमरेएवढं वाढतं आणि फेब्रुवारीत तेच वाळून उभं असतं. लॉस एंजेलिसला सलग दोन हिवाळे भरपूर ओले गेले, झुडपं माजली. मग मे २०२४ पासून शहराच्या मध्यभागी जेमतेम ४ मिमी पाऊस झाला आणि ७ जानेवारी २०२५ ला सोसाट्याच्या वाऱ्यात आगी भडकल्या. वर्षांच्या बेरजा पाहणाऱ्याला यातलं काही दिसलं नसतं.

दुष्काळाच्या वादातही बेरीज फसवते. सरासरीच्या १९ टक्के खाली-वर असलेला पाऊस खात्याच्या भाषेत ‘सामान्य’. पण जून कोरडा आणि ऑगस्टमध्ये धो धो, तरी बेरीज सामान्यच. दुबार पेरणी करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? शिवाय सरासरी कुठल्या वर्षांची तेही विचारावं. १९६१–२०१० धरून देशाचा मोसमी पाऊस ८८०.६ मिमी होता, १९७१–२०२० धरून ८६८.६ झाला. तोच पाऊस, तूट मात्र कमी दिसते.

म्हणून नवा रकाना घातलाय: शेवटच्या २.५ मिमी पावसाला किती दिवस झाले. खात्याच्या व्याख्येत पावसाचा दिवस तेवढ्यापासून धरतात. शेजारी शेरा, गवत हिरवं, पिवळं की मुठीत चुरडलं तर मोडणारं. तो ‘मोडतं’ असा पडायच्या आत जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढून व्हायला हव्यात, एवढं मी ग्रामसभेत मांडणार आहे.