वारा, भुसभुशीत जमीन आणि टेंटचे पेग

टेंट घेताना लोक वजन बघतात, वॉटरप्रूफिंग किती एमएमचं ते बघतात, पोल कसले आहेत ते विचारतात, पण आत पेगची, म्हणजे टेंट आणि त्याच्या दोऱ्या जमिनीत रोवून धरणाऱ्या खुंट्यांची, जी छोटी पिशवी येते ती घरी उघडूनसुद्धा बघत नाहीत. आणि वारा सुटला की सगळी मदार त्या पिशवीवरच असते. स्वस्त टेंटसोबत बहुतेक वेळा गोल सळईचे, वर हुकासारखे वाकवलेले बारीक पेग येतात. बागेत, चांगल्या घट्ट मातीत ते मस्त चालतात. पण मोकळ्या पठारावर किंवा वाळूत त्यांच्या भरवशावर झोपू नका, मनापासून सांगतोय.

कारण असं की पेगला जमिनीत धरून ठेवते ती त्याच्या अंगाला चिकटून असलेली माती. सळई बारीक असली की तिच्यासमोर माती येते किती? ताण आला की ती वाळू सरळ कापत पुढे येते, शिवाय गोल असल्यामुळे जागच्या जागी फिरते आणि फिरली की हुकातून दोरी निसटते. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे संध्याकाळी ताशी 20 किमीच्या वाऱ्यात ठणठणीत वाटलेला टेंट 40 ला पार वेगळा वागतो. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत वळीव यायच्या आधी जो वारा उठतो ना, धूळ उडवत, दिशा बदलत, त्याला तर अंदाजच नसतो.

म्हणून मऊ मातीसाठी वाय आकाराचे अ‍ॅल्युमिनियमचे पेग घ्या, 18-20 सेंमी लांब. तीन पात्यांमुळे माती जास्त धरली जाते, फिरत नाहीत आणि वजन एकेकाचं जेमतेम 12-15 ग्रॅम. माझ्या मते एकच प्रकार घ्यायचा असेल तर हाच.

पण आपल्याकडची खरी अडचण मुरूम. वर तीन-चार इंच सुटा खडा आणि खाली एकदम कडक थर. इथे लांब पेग घेऊन काही फायदा नाही, तो अर्धा आत जातो, अर्धा बाहेर राहतो आणि दोरी वरच्या टोकाला असली की तरफेसारखा उपटून येतो. अशा वेळी दोरी पेगच्या डोक्याला न लावता जमिनीला टेकून गुंडाळा. मुरमात हार्डवेअरच्या दुकानातले सहा-सात इंची जाड लोखंडी खिळे, वर एक वॉशर घालून, भारी काम करतात. वजन होतं, मान्य, पण कडक थरात घुसतात आणि दगडाने ठोकले तरी वाकत नाहीत.

कातळ असेल तर पेग विसरा, दगड वापरा, पण नुसता दोरीवर दगड ठेवू नका. एका छोट्या दगडाला दोरी बांधायची आणि त्याच्या पुढे, म्हणजे टेंटच्या बाजूला, दोरीवरच एक मोठा दगड ठेवायचा. वाऱ्याने ओढलं की छोटा दगड मोठ्याला येऊन अडतो. आपल्या बेसाल्टच्या कडा धारदार असतात, दोरी घासते तिथे जुन्या कापडाची पट्टी घाला. आणि एक कळकळीची विनंती, गडावर तटबंदीचे, वाड्याच्या जोत्याचे दगड यासाठी उचलू नका. बऱ्याच गडांवर मुक्कामाला बंदीही आहे, आधी चौकशी करून जा.

आता कोकणातली वाळू. कोरड्या वाळूत वाय पेगसुद्धा सैल पडतात, तिथे रुंद पन्हाळीसारखे, भोकं असलेले, वाळू-बर्फासाठीचे पेग लागतात. ते नसतील तर सरळ कापडी पिशवीत वाळू भरा, तोंड बांधा, दोरी लावा आणि दीड फूट खड्डा करून आडवी पुरा. खड्ड्यापासून टेंटकडे दोरीसाठी बारीक चर पाडायची, नाहीतर दोरी वर उचलली जाते आणि पिशवीपण वर येते. वरून वाळू पायाने चांगली दाबायची, थोडं पाणी मारलं तर अजून घट्ट बसते. किनाऱ्यावर अजून एक गोष्ट, संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो आणि रात्री उशिरा जमिनीकडून वाहायला लागतो, त्यामुळे फक्त समुद्राकडची बाजू बांधून चालत नाही, चारी बाजू सारख्याच बांधा. वेळाससारख्या कासवांच्या किनाऱ्यावर विणीच्या हंगामात वाळूत खड्डे, दोऱ्या, टेंट काहीच नको, गावात होम-स्टे आहेत, तिथे राहा.

पेग कुठलाही असो, ठोकताना डोकं टेंटपासून लांब कललेलं आणि टोक टेंटच्या बाजूला. दोरी लांब सोडा, आखूड दोरी पेगला वर उपटते, लांब दोरी आडवं ओढते आणि आडव्या ओढीला माती जास्त टिकते. ज्या बाजूने वारा आहे तिथल्या दोरीला एकामागे एक दोन पेग लावा, मागचा पुढच्याला धरतो. टेंटची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार उलट दिशेला.

झोपायच्या आधी सगळ्या दोऱ्या परत एकदा ताणा, नायलॉन दवाने ओलं झालं की सैल पडतं आणि सैल कापड वाऱ्यात फडफडून फडफडून पेग हलवतं. पाऊस पडून गेला तर परत उठून बघा, कारण तेव्हा मातीपण मऊ झालेली असते.

मी सध्या आठ वाय पेग, चार लोखंडी खिळे, दोन रिकाम्या कापडी पिशव्या आणि दहा मीटर जास्तीची दोरी नेतो. प्रत्येक पेगला केशरी दोरीचा छोटा फास लावलाय, त्यात दुसरा पेग अडकवून ओढला की घट्ट बसलेला पण निघतो, आणि सकाळी गवतात शोधत बसावं लागत नाही.