तुम्ही विचारलंत म्हणून : हॉटेलच्या भिंती रंगवताना कमीपणा वाटत नाही का?

लग्नात विचारलंय, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला विचारलंय. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी, मी आ वासून बसलेली असताना. विचारणाऱ्यांना चित्रांची आवड असते, म्हणूनच पाठोपाठ रॉथ्को या अमेरिकन चित्रकाराची गोष्ट येते.

ती अशी. न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवर सीग्रॅम कंपनीची नवी इमारत उभी राहिली. तिच्यातल्या फोर सीझन्स या महागड्या हॉटेलाच्या जेवणघरासाठी १९५८ साली मार्क रॉथ्कोला चित्रांचं काम मिळालं. मोबदला ३५,००० डॉलर. त्याने बॉवरी रस्त्यावरची एक जुनी व्यायामशाळा स्टुडिओ म्हणून घेतली, आत जेवणघराच्या मापाचा सांगाडा उभारला आणि काळपट तांबड्या, काळ्या, विटकरी रंगांत तीसेक प्रचंड चित्रं केली. लागणार होती त्याच्या कितीतरी पट. तिथे जेवणाऱ्या श्रीमंतांची भूक मरावी अशी आपली इच्छा आहे, असं त्याने बोटीवर भेटलेल्या एका पत्रकाराला सांगितलं. फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोने ग्रंथालयाच्या जिन्यापाशी बुजवलेल्या खिडक्या केल्यात, तिथे उभं राहिल्यावर कोंडल्यासारखं होतं; तसं त्याला हवं होतं. मग १९५९ मध्ये एकदा तो बायकोला घेऊन त्या हॉटेलात जेवायला गेला. परत आला आणि काम सोडलं, पैसे परत केले. त्यातली नऊ चित्रं पुढे त्याने लंडनच्या टेट गॅलरीला दिली. १९७० च्या फेब्रुवारीत ती लंडनला पोचली त्याच दिवशी तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत मृत सापडला.

गोष्ट संपली की सगळे माझ्याकडे बघतात. मी काय पैसे परत करणार? माझा अॅडव्हान्स तर रंगात आणि परांचीच्या भाड्यात गेलेला असतो.

मला या गोष्टीत ताट दिसतं. जेवणारा माणूस घास घेताना खाली बघतो, बोलताना समोर. मान वर करून तो इकडेतिकडे बघतो ते वेटर शोधायला. हॉटेलातल्या चित्राच्या वाट्याला येते ती ही तिसरी नजर. रॉथ्कोला लोक चित्रासमोर थांबायला हवे होते. त्याने चित्रं काढून घेतली ते बरोबरच केलं, पण त्यात त्या हॉटेलचं काय चुकलं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी काम करते ते त्या वेटर शोधणाऱ्या नजरेसाठी. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनात १९०१ पासून एक आलिशान हॉटेल आहे, आज त्याला ल ट्रँ ब्ल्यू म्हणतात. त्याच्या भिंतींवर आणि छतावर ४१ चित्रं आहेत, त्या रेल्वे कंपनीच्या गाड्या जिथे जायच्या तिथली : मार्सेय, मोनॅको, माँ ब्लाँ. सरळसरळ जाहिरात, सोनेरी नक्षीत बसवलेली. पण गाडी सुटायला अवकाश असलेला माणूस सूप पिता पिता पुढचा मुक्काम बघून घेतो. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये मारिओ मिरांडांनी मुंबईची माणसं भिंतभर कोंबलीत. एकट्याने बसलेल्या गिऱ्हाइकाला त्यांची सोबत होते. हे मला जमलं तर मी धन्य.

माझं काम याहून पुष्कळ साधं आहे. चेहरे साडेचार फुटांच्या वर काढायचे, कारण त्याखाली खुर्च्यांच्या पाठी घासतात आणि सोफ्यावर टेकलेल्या डोक्यांचं तेल लागतं. वरून मॅट वॉर्निश, नाहीतर प्रत्येक बल्ब चित्रात उगवतो. स्वयंपाकघराच्या दाराशी पिवळा नको, फोडणीच्या धुराने वर्षभरात त्याचा चहा होतो. आणि इंटिरियरवाले आधी उशांचं कापड पाठवतात, चित्र त्याच्याशी जुळवायचं असतं. याचा पूर्वी राग यायचा. आता मी कापडाचा तुकडा खिडकीत धरून दुपारच्या उजेडात बघते. कधीकधी रंग खरंच छान असतो.

नाही म्हणते ते एकाच गोष्टीला. 'वारली टाईप काहीतरी टाका.' लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या वारली बायकांची ती रेघ आहे, कॉकटेलच्या यादीमागे मी ती कुठल्या तोंडाने काढू? डहाणूच्या चित्रकारांना बोलवा आणि त्यांना नीट पैसे द्या, असं सांगते. निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात.

कमीपणा एकदाच वाटला, तोही बिलासाठी. पुण्यातल्या एका नव्या हॉटेलासाठी बावीस फुटांची भिंत केली होती : वडाचं झाड, फांद्यांवर कावळे, खाली पंगत. शेवटच्या हप्त्यासाठी सहा महिने दारात उभी राहिले, तेव्हा मॅनेजर मला मागच्या दाराने यायला सांगायचा. हप्ता आला नाहीच, आणि चौदा महिन्यांत हॉटेलही बंद पडलं.

आता तिथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. भिंतीला पांढरा ऑइलपेंट मारलाय. मीटरच्या खोक्यामागे मात्र रंगाऱ्याचा ब्रश पोचलेला नाही, तिथे एका कावळ्याची शेपटी अजून आहे. ती बघायला म्हणून मी आत गेले आणि लागत नसताना दीडशे रुपयांचं कव्हर घेऊन बाहेर आले.