नागीण गेली, आग राहिली

गौरी-गणपती उरकले आणि दुसऱ्या दिवसापासून डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. बादल्या उचलून उसण भरली असेल म्हणून मी बाम चोळला. तिसऱ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत पाण्याने भरलेले बारीक फोड उठले. जाऊबाई बघून म्हणाल्या, "नागीण आहे ही. तोंड आणि शेपूट एक झालं तर माणूस हाती लागत नाही." मग गेरूचा लेप झाला, तांदूळ आणि दूर्वा वाटून लावून झाल्या. या उपायांत चार दिवस गेले.

ते चार दिवस फार मोलाचे होते, हे मला नंतर कळलं. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत पडून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की एखाद्या नसेतून बाहेर पडतो, तीच ही नागीण. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं. मला नवे फोड अजून येत होते म्हणून डॉक्टरांनी उशिरा का होईना, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तोंड-शेपटाची भीतीही त्यांनीच घालवली. पुरळ एका नसेच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला येतं, त्यामुळे वेढा पुरा होण्याचा प्रश्नच सहसा येत नाही. आमच्याकडे अजून किती बायका त्या भीतीने रात्र रात्र जागत असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

दिवाळीपर्यंत खपल्या पडल्या, पण आग राहिली. कातडी वरून बरी दिसायची आणि पदर नुसता घासला तरी चटका बसल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा टोचतो म्हटलं तर घरात कुणाला खरं वाटेना. ब्लाउज घालणं अशक्य झालं. शेवटी सासऱ्यांचं जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं धोतर फाडून त्याची पट्टी आत गुंडाळायला लागले. ढिल्या कापडाची ये-जा जास्त लागते, अंगाला घट्ट बसलेलं कापड कमी लागतं, हे माझं मलाच सापडलं. झोप दोन तासांवर आली. दुखण्याच्या साध्या गोळ्या खाऊन पोट बिघडलं, आग तसूभर हलली नाही.

मार्गशीर्षात मुलाने कोल्हापूरला वेदना-उपचारांच्या ओपीडीत नेलं. हे भूलतज्ज्ञांचं काम असतं हेही मला तेव्हाच समजलं. डॉक्टरांनी कापसाचा बोळा अलगद फिरवला आणि मी ओरडले तसे म्हणाले, "मावशी, तुम्ही वाढवून सांगत नाही. जखम भरली, पण नस अजून खोटा निरोप पाठवतेय." मला तिथेच रडू आलं. तीन महिन्यांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

आधी रक्ताची तपासणी केली, कारण प्रीगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाचा डोस मूत्रपिंडाच्या कामावर ठरतो. सुरुवात रात्री ७५ मिलिग्रॅमने. तिसऱ्या पहाटे उठले तर मोरीची भिंत धरावी लागली इतकी भोवळ आली. ती आठवड्यात कमी झाली. डोस वाढवल्यावर पायांवर सूज आली, तेव्हा डॉक्टरांनी तो पुन्हा खाली आणला आणि ईसीजी काढून रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन जोडलं. ते नैराश्यावरचं औषध आहे हे वाचून आमचे हे बिथरले होते, पण कमी मात्रेत ते नसांच्या दुखण्यावर देतात. तोंडाला कोरड पडली, पोट साफ होईना, रोज इसबगोल घ्यावं लागलं. हे सगळं सोसलं, कारण चौथ्या आठवड्यात मी सलग पाच तास झोपले. कातडी बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या चिकटपट्टीचाही आधार झाला. ती बारा तास लावायची आणि बारा तास काढून ठेवायची.

डॉक्टरांनी एक वही करायला सांगितली होती. रोज सकाळ-संध्याकाळ दुखणं ० ते १० मध्ये किती, हे लिहायचं. सुरुवातीची पानं ८ आणि ९ यांनी भरली आहेत. पुढे ५ दिसायला लागलं. आणि ५ वर आल्यावरच बाकीचे उपाय लागू पडले, हे मी मुद्दाम सांगते. ९ असताना मी योगनिद्रेला दोन मिनिटंसुद्धा पडू शकत नव्हते. ५ असताना वीस मिनिटं पडून, लांब श्वास सोडत राहिलं की आगीचा भर ओसरायचा. फिजिओथेरपीच्या ताईंनी टेन्सचं यंत्र लावलं. दुखऱ्या पट्ट्याच्या कडेच्या चांगल्या कातडीवर चकत्या लावून बारीक मुंग्यांसारखा करंट देतात. ती झिणझिण मेंदूकडे जाणारी वेदनेची वाट अडवते, असं त्या म्हणाल्या. मला त्याने दोन-तीन तास हलकं वाटायचं, स्वयंपाक उरकता यायचा. अ‍ॅक्युपंक्चरच्या सहा बैठका केल्या, मला फरक पडला नाही. मिरचीच्या अर्काचं मलम चौथ्या दिवशी बंद केलं, तो दाह मला सोसवला नाही. ओळखीच्या एकाने आणलेल्या बिननावाच्या पुड्या डॉक्टरांना दाखवल्या. आत काय आहे तेच ठाऊक नाही म्हणून त्यांनी ठेवून द्यायला सांगितलं, मी ऐकलं.

सगळ्यात जास्त मला भजनाने तारलं. गुरुवारी आमच्या मंडळात परत बसायला लागले. टाळ धरला की अंग हलायचं, कापड घासायचं, तरी ज्ञानोबांचा हरिपाठ संपेपर्यंत वहीतला आकडा आठवायचा नाही. त्या रात्रीचे आकडे खरोखर एकाने कमी आहेत.

मधे एकदा बरं वाटतंय म्हणून मी गोळ्या आपल्या मनाने सोडल्या. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, जीव कासावीस. या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, हळूहळू उतरवायच्या असतात.

नागिणीची लस भारतात २०२३ पासून मिळते. पन्नाशीनंतर दोन डोस, दोघांत २ ते ६ महिन्यांचं अंतर. महाग आहे. तरी ह्यांनी आणि जाऊबाईंनी पहिला डोस घेतला. जाऊबाईंनी तर माझ्याआधी नंबर लावला होता.

गेल्या आठवड्यात सकाळची गोळी बंद झाली. रात्रीच्या चालू आहेत. काल लग्नाला जाताना बऱ्याच महिन्यांनी ब्लाउज घातला, आत धोतराची पट्टी ठेवूनच. संध्याकाळी घरी येऊन वहीत ३ लिहिलं.