सिम्युलेटर नोंदवही : उजळाईवाडी, सेसना १७२ आणि उसळी

गेल्या नोंदीनंतर सिम्युलेटरवर लँडिंगचं गाडं जरा रुळावर आलंय. विमान तेच, सेसना १७२, एका इंजिनाचं छोटं विमान. धावपट्टी घरचीच, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची २५ नंबरची. पश्चिमेचं वारं समोरून घ्यायचं आणि नुसती सर्किटं मारायची, म्हणजे उडायचं, पट्टीभोवती फेरी मारून परत उतरायचं.

उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून साधारण २००० फूट उंच, त्यामुळं १००० फुटांच्या सर्किटला अल्टिमीटरवर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या काट्यावर) ३००० दिसायला हवेत. समुद्राकाठच्या जुहूवर सराव केलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवा. त्यात एप्रिलचे ३५ अंश लावले की हवा ५००० फुटांवरच्यासारखी विरळ. वेगाचा काटा ६५ नॉट (ताशी सागरी मैल) दाखवतो, पण वारं पडलेलं असेल तर जमीन सत्तरीनं पळते. नवख्याला वाटतं वेग जास्त झाला, आणि तो नाक उचलतो. उचलू नका, काट्याचं ऐका.

‘जरा जास्त वेग असलेला बरा’ हेही खोटंच. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ६५ ऐवजी ७५ म्हणजे ३३ टक्के जादा. विमान तरंगत राहतं, पट्टी सरत जाते, मग घायकुतीला येऊन माणूस ते दाबून टेकवतो. नाकाचं चाक आधी आपटतं आणि विमान उसळतं. खरा घोटाळा त्यानंतर. नाक वर गेलं की नवखा योक (विमानाचं स्टिअरिंग) ढकलतो, खाली आलं की ओढतो. हात कायम विमानापेक्षा उशिरा, म्हणून दर उसळी आधीपेक्षा मोठी. नाकाचं चाक, प्रोपेलर, इंजिनमागची फायरवॉल अशीच जाते. उसळी मुरलेल्या पायलटलाही बसते, पण तो तिच्याशी झटत बसत नाही.

म्हणून सध्या एकच नियम: जोरात उसळलं की फुल थ्रॉटल (इंजिनाला पूर्ण जोर), फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) ३० अंशांवरून २०, परत वर. थ्रॉटल देताच ट्रिममुळं (उतरताना योकवरचा भार कमी करायला लावलेल्या सेटिंगमुळं) नाक झपकन उठतं, तेव्हा योक पुढं दाबून धरायचा, नाहीतर स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं, ठरलेला. शेजारी मित्र वेग वाचत बसतो. सत्तरच्या वर गेलं की ओरडतो, “लई पळायलंय भावा, सोड, फिर परत!” सिममध्ये बुडाखाली विमान कळत नाही, ती कसर तो भरून काढतो.

आता रडर पेडल (नाक डावी-उजवीकडं वळवायचे पायातले पेडल) आलेत. १७२ च्या मॅन्युअलमध्ये आडवं वारं १५ नॉटपर्यंत दाखवलंय. मी ५ पासून सुरू करतोय.